पाच ढेपा

खुशालरावांच्या मोटारीत कामं वाटून दिलेली होती. माझा धाकटा भाऊ देवराव गाडी चालवायचा आणि खुशालराव भोंपू वाजवायचे. गाडी चौतीस सालची फोर्ड. भोंपू रबरी फुग्याचा, आणि बसवलेला डाव्या बाजूला, मालकाच्या हाताशी. खुशालरावांच्या वडिलांनी तो मुद्दाम तिकडे बसवून घेतला होता. देवरावने सोळा वर्षं ती गाडी चालवली, पण त्या फुग्याला एकदाही हात लावला नाही. रस्त्यात म्हैस आली की तो ब्रेक दाबायचा आणि मालकाकडे बघायचा. मालक जागे असले तर वाजवायचे. झोपलेले असले तर म्हैस तिच्या सवडीने जायची.

लोकांना याचं हसू यायचं, मला येत नसे. गाडी हाकणं हे काम आणि लोकांना 'सरका बाजूला' म्हणणं हा मान. काम आमच्याकडे आणि मान त्यांच्याकडे, ही वाटणी मोटारी निघायच्या फार आधीची. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात देवरावने विचारलं, "मालक, एकडाव मी वाजवू का?" खुशालराव नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "रबर जुनं हाय." या गोष्टीला आठ वर्षं होत आली होती आणि रबर तेच होतं.

मी इंदूबाई, अकोल्याला सरकारी दवाखान्यात नर्स. खुशालराव देवरावला अरेतुरे करत, मला मात्र अहोजाहो, कारण मी त्यांना एकदा ओळीने सात इंजेक्शनं दिली होती. माणूस वाईट नव्हता, शब्दाचा हट्टी होता. बोलला ते बोलला, लिहिलं ते लिहिलं. त्यांच्या मुलाने एकदा 'गुरुवारी येतो' असं पत्र टाकलं आणि बुधवारीच येऊन उभा राहिला. खुशालरावांनी त्या रात्री त्याच्या वाटची भाकर टाकू दिली नाही.

चौसष्ट सालच्या होळीच्या सुमारास त्यांना पुण्याहून छापील पत्र आलं. राजस्थानात बाडमेरकडे पाऊस पडला नव्हता. पुण्याच्या कुठल्याशा मदत मंडळाने तिकडे जुन्या मोटारींचा तांडा न्यायचं ठरवलं होतं. गाडी पंचवीस वर्षांच्या वरची हवी, कारण नवी गाडी बघायला कोणी घराबाहेर येत नाही, आणि जो बघायला येतो त्याच्याचपुढे मदतीची झोळी धरता येते. गाडीत प्रथमोपचार जाणणारं एक माणूस हवं. आणि शेवटची ओळ अशी होती: 'दुष्काळग्रस्तांसाठी प्रत्येक गाडीने पाच ढेपा आणाव्यात.'

अकोल्यात पंचवीस वर्षांच्या वरची चालती गाडी एकच आहे, असं खुशालरावांनी उलट टपाली कळवलं. 'चालती' हा शब्द त्यांचा. त्यांचं घर जठारपेठेत आणि शेती धामणगाव रेल्वेला. अमरावतीवरून तिथे जाताना ती गाडी एकदा तरी बंद पडायची, मग देवराव जवळच्या शेतातून बैलजोडी मागून आणायचा, आणि फोर्ड बैलांमागून चालायची. खुशालराव आत बसून भोंपू वाजवायचे. बैलांना तो सवयीचा झाला होता.

"बाडमेरले जाईन का बे हे?" त्यांनी देवरावला विचारलं.

"जाईन," देवराव म्हणाला.

"बैल लागतीन."

"नाई लागणार."

खुशालराव हसले. मग माझ्यासमोर, दवाखान्याच्या फाटकात उभं राहून म्हणाले, "तर मंग ऐक. जाऊन वापस येईपर्यंत या गाडीले एकडाव जरी बैल लावा लागले, तर गाडी माही. नाई लागले, तर बाळापूर नाक्यावर गाडी तुही. इंदूबाई, तुमी साक्षीदार."

मुलाने नवी अँबॅसिडर घेतली होती, त्यामुळे फोर्ड गेली तरी त्यांचं काही अडणार नव्हतं. त्यांच्या लेखी ती थट्टा होती. देवरावच्या लेखी नव्हती. त्या रात्री जुन्या शहरातल्या आमच्या घरी तो जेवलाच नाही. स्टेशन ते जुनं शहर टॅक्सी चालवीन, म्हणाला. मग ताट सरकवून म्हणाला, "बाई, मले कोणाकडं पाहा लागणार नाई." मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणतो. मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

आता ढेपेचं. ढेप म्हणजे काय, हे वऱ्हाडात कोणाला विचारायची पाळी येत नाही. सरकीचं तेल काढून घेतल्यावर जो चोथा राहतो तो दाबून जे होतं, ती ढेप. गाई-म्हशी तिच्यावर दूध देतात. दुष्काळात आधी जनावर मरतं आणि मग माणूस, तेव्हा पुण्याच्या लोकांना अक्कल आहे, असं खुशालराव म्हणाले. फक्त 'पाच ढेपा' या शब्दांवर ते अडले. ढेप कोणी नगावर मोजत नाही.

"पाच पोते म्हणत असतीन," देवराव म्हणाला.

"मंग पोते काऊन नाई लिहिलं?"

"पुण्याचे हायेत, मालक. शाई वाचवली असन."

हे त्यांना पटलं. पाच पोती ढेप गाडीत गेली. ती मागच्या सीटवर बसली आणि मी तिच्यावर बसले. खंडवा, इंदूर, रतलाम, पुढे उदयपूर, जोधपूर. साडेसातशे मैल मी ढेपेवर बसून गेले. माझ्या लुगड्याला, केसांना, औषधाच्या पेटीला ढेपेचा वास लागला. जिथे गाडी थांबेल तिथे गावातली गुरं जवळ यायची आणि माझ्याकडे आशेने बघायची. माणसांनी माझ्याकडे इतक्या आशेने कधी बघितलं नव्हतं, आणि मी नर्स आहे.

गाडी चालत होती, हे सांगायला हवं. रेडिएटर गळका होता. देवरावने माझ्या डब्यातली हळद त्यात टाकून भोक बुजवलं होतं, तरी दर दहा मैलांना ती पाणी प्यायचीच. म्हणून त्याने दाराखालच्या पायटाळावर पाण्याचे दोन मोठे डबे बांधले होते. त्यांना तो कोणाला हात लावू देत नसे. मी एकदा त्यातून तोंड धुवायला गेले तर तो म्हणाला, "बाई, ते गाडीचं हाय." आवाज आमच्या वडिलांसारखा निघाला. प्रत्येक मुक्कामी तो मला बोटांवर मोजून दाखवायचा, अजून बैल लागले नाहीत. चार मुक्काम, पाच मुक्काम. मी देवाला मानत नाही, पण रतलामच्या घाटात मी कोणाला तरी हात जोडले.

जोधपूरला सगळा तांडा भेटला. आमची धरून चौदा गाड्या, बाकीच्या पुसूनबिसून आणलेल्या. पुण्याच्या मंडळाचे अध्यक्ष पांढऱ्या हॅटमध्ये होते. आमच्या गाडीजवळ येऊन त्यांनी नाक वर केलं.

"कसला हो वास येतोय?"

"ढेपेचा," खुशालराव म्हणाले.

"आमच्या ढेपांना नाही येत."

"हलक्या असतीन," खुशालराव म्हणाले.

बाडमेरच्या पुढे वीस-एक मैलांवर ते गाव होतं. रस्ता असा नव्हताच, वाळूवर उंटांची वाट होती. चौदाही गाड्या कशाबशा पोचल्या. शाळेच्या आवारात सामान उतरवायला सुरुवात झाली. पुणेकरांच्या, सातारकरांच्या, कोल्हापूरकरांच्या गाड्यांतून गूळ निघाला. गोणपाटात गुंडाळलेला, पिवळाधमक, मोठमोठाले गोळे. सगळे मिळून साठाच्या वर झाले. मग देवरावने आमचं पहिलं पोतं सोडलं.

अध्यक्षांनी आत हात घातला आणि एक काळपट तुकडा बाहेर काढला.

"ही पेंड आहे," ते म्हणाले.

"ढेप हाय," खुशालराव म्हणाले.

"अहो, ढेप म्हणजे गूळ! गुळाची ढेप!"

खुशालरावांनी गुळाच्या ढिगाकडे नीट पाहिलं. "हे भेली हाय," ते म्हणाले.

"माणसांना सरकीची पेंड खायला घालणार आहात का तुम्ही?"

आवारात मोठा हशा झाला. एक कोल्हापूरकर तर गाडीच्या मडगार्डवर बसून हसला. खुशालरावांनी कोटाच्या खिशातून ते छापील पत्र काढलं, चष्मा लावला आणि बोट ठेवलं. "पाच ढेपा. गूळ कुठं लिहिला हाय, दाखवा." तो अध्यक्षांना दाखवता आला नाही, पण त्यामुळे हसणं काही थांबलं नाही. मला राग आला होता. खुशालरावांचा कैवार घ्यावासा वाटण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

गूळ वाटून झाला. लोक रांगेने आले, घेऊन गेले, पाया पडले. शेवटी एक म्हातारी आमच्या पोत्याशी येऊन थांबली. तिचा गूळ ओढणीत बांधलेला होता. तिने ढेपेचा तुकडा उचलला, हुंगला, दाताने जरा तोडून पाहिला, आणि तो घेऊन आवाराबाहेर गेली. आम्ही तिघंही तिच्या मागे गेलो. भिंतीच्या सावलीला तिची गाय बसली होती. पांढरी, कधीकाळी मोठी असावी. आमची चाहूल लागली तरी ती उठली नाही. बसलेली गाय उठत नाही याचा अर्थ आम्हाला कोणी सांगायला नको होता.

म्हातारीने तुकडा तिच्या तोंडाशी धरला. गाईने हुंगला आणि मान फिरवली. तिने ढेप जन्मात पाहिली नव्हती.

"सरकीची चव माहीत नाई तिले," खुशालराव म्हणाले. "भिजवा लागन. वरतून गूळ चोळा लागन. माह्या बापानं गुजरातची गाय आणली होती, तिले असंच शिकवलं." मग ते तडक अध्यक्षांकडे गेले.

"गुळाची एक भेली द्या."

"ढेप म्हणा, देतो," अध्यक्ष हसत म्हणाले.

"भेली," खुशालराव म्हणाले, आणि उभे राहिले. अध्यक्ष थकेपर्यंत उभे राहिले. गूळ घेऊनच आले.

गुळाचं असं झालं. पाण्याचं अवघड होतं. पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. त्या दिवसाचं पाणी सकाळीच वाटून संपलं होतं, घरटी दोन घागरी. विहीर खारी. म्हातारीने आपली घागर आणायला पाऊल उचललं, तेव्हा देवराव मध्ये आला. तो गाडीकडे गेला आणि पायटाळावरचा एक डबा सोडून घेऊन आला.

"देवराव," खुशालराव म्हणाले, "ते गाडीचं पाणी हाय."

"हो."

"गाडी तापन."

"तापन."

"वढा लागन."

"लागन," देवराव म्हणाला, आणि त्याने घमेल्यात ढेप कुस्करून वर पाणी ओतलं.

मी खरं ते सांगते. मला त्या वेळी त्या गाईची दया आली नाही. मला त्याच्या हातातून डबा ओढून घ्यावासा वाटला. दवाखान्यात इतकी माणसं डोळ्यांदेखत गेली, कोणासाठी मी माझ्या भावाच्या ताटातलं उचलून दिलं नसतं. मी त्याचा दंड धरला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, मले पाहवत नाई." मी सोडला.

तासाभराने ढेप फुलली. खुशालरावांनी धोतर खोचलं, गूळ कुस्करला, दोन्ही हातांनी कालवलं आणि गाईच्या ओठांना लावलं. तिने जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. मग घमेल्यात तोंड घातलं आणि ते भिंतीपर्यंत ढकलत नेलं. हे बघून बाया आपापली जनावरं घेऊन आल्या. कोणाची गाय, कोणाच्या शेळ्या. देवराव ओतत राहिला. दिवस मावळला तेव्हा पाचही पोती रिकामी होती आणि दोन्ही डबेही. म्हातारीची गाय उभी होती. पाय थरथरत होते, पण उभी होती.

सकाळी तांडा निघाला. पुणेकरांनी निघता निघता एक तांब्या पाणी दिलं. ते रेडिएटरमध्ये गेलं आणि चार मैलांत संपलं. मग बॉनेटमधून वाफ आली, देवरावने गाडी बंद केली, आणि मागची चाकं वाळूत रुतून बसली. पुढच्या तेरा गाड्यांची धूळ खाली बसली. आम्ही वाळूत तिघंच उरलो. गावातल्यांनी सांगितलेली गोडी विहीर अजून अडीच मैलांवर होती.

दुपारी मागून म्हातारीचा मुलगा उंट घेऊन आला. आमची वाफ त्याला गावाबाहेरच्या टेकाडावरून दिसली होती. पाणी त्याच्याकडे नव्हतं, दोर होता. देवराव दोराकडे बघत राहिला. मग त्याने तो स्वतःच्या हाताने गाडीच्या पुढच्या दांडीला बांधला, गाठ ओढून पाहिली, आणि स्टिअरिंगच्या चाकापाशी येऊन बसला.

उंट चालू लागला. खुशालरावांनी सवयीने भोंपू वाजवला. उंटाने थांबून मागे वळून पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. खुशालरावांनी हात मांडीवर घेतला. विहिरीपर्यंत तो तिथेच राहिला.

विहिरीवर डबे भरले, रेडिएटर भरला, गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. देवराव हँडल पुसत म्हणाला, "गेली, बाई." एवढंच.

माझा तोल सुटला. मी खुशालरावांना म्हटलं की तुमच्या ढेपेसाठी गाडीचं पाणी गेलं, तुमची लाज राहिली ती या पाण्याने राहिली, आणि तुम्ही ओठ शिवून बसलात. सोळा वर्षं याने तुमच्या तोंडाकडे बघून ब्रेक दाबला. सात इंजेक्शनं दिली ती आठ द्यायला हवी होती, असंही मी म्हटलं. खुशालरावांनी सगळं ऐकून घेतलं. "इंदूबाई, बसा," ते म्हणाले, "ऊन बम तापलं हाय."

परतीच्या वाटेवर ते जवळजवळ मुके होते. मी समजले, गाडी वाचल्याचा आनंद आहे आणि तो दाखवायची लाज वाटते. एक मात्र माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्या उंटापासून त्यांनी भोंपूला हात लावला नव्हता. रतलामला म्हशी आडव्या आल्या, खंडव्याला अख्खा बाजार आडवा आला. देवराव ब्रेक दाबून त्यांच्याकडे बघायचा, आणि ते खिडकीतून बाहेर बघायचे.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही बाळापूर नाक्यावर पोचलो. नाक्यावरच्या जकात कारकुनाने रिकामी पोती बघितली, वास घेतला, आणि सवयीचा प्रश्न विचारला, "गाडी कोणाची?"

"याची," खुशालराव म्हणाले आणि अंगठा देवरावकडे केला.

देवरावने इंजिन बंद केलं. "मालक, वढली होती."

"कायनं?"

"उंटानं."

"म्या काय म्हणलो होतो?"

देवराव समोरच्या काचेतून बघू लागला.

"इंदूबाई, तुमी साक्षीदार हा. म्या काय म्हणलो होतो?"

"बैल," मी म्हटलं.

"मंग? उंट म्हंजे बैल हाय का?" ते एकदम चिडले. "पुण्यावाल्यायसारखं करून राहिला तू. ते गुळाले ढेप म्हणतेत, तू उंटाले बैल म्हण. म्हणलं ते म्हणलं. लिहा हो कारकून, 'देवराव'. गाडी त्याची."

कारकुनाने लिहिलं. त्याला काय त्याचं. देवराव समोरच्या काचेतून बघत होता आणि त्याचे दोन्ही हात चाकावर घट्ट होते. मी मागे रिकाम्या पोत्यांवर बसून रडले. नोकरीत मी कधी रडत नाही. इतक्या वर्षांचं एकदम आलं.

खुशालराव उतरले नाहीत. फोर्डने मोर्णा नदीचा पूल ओलांडला आणि जठारपेठेचं वळण आलं. वळणावर एक टांगा आडवा उभा होता, टांगेवाला कोणाशी तरी गप्पा मारत होता. देवरावने ब्रेक दाबला. आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्याने डावीकडे बघितलं नाही. तो सरळ टांग्याकडे बघत बसला.

खुशालराव जरा चुळबुळले.

"देवराव," ते म्हणाले, "एकडाव वाजवू का?"

देवरावने विचार केला. मला वाटतं, त्याने आठ वर्षांचा सगळा विचार तिथेच केला.

"रबर जुनं हाय," तो म्हणाला. टांगा तसाच उभा होता. मग म्हणाला, "वाजवा. एकडावच."

त्यांनी एकदाच वाजवला. टांगा सरकला. घरापाशी ते उतरले, दार हळूच लावलं, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी देवरावने भोंपू काढून उजव्या बाजूला बसवला. दोन स्क्रूंचं काम होतं.